सांडपाण्याचे निर्जंतुकीकरण आणि शिंपले (गोवा)

प्रक्रिया केलेले सांडपाणी नदीत किंवा खाडीत सोडण्यापूर्वी त्यातले रोगजंतू मारण्यासाठी क्लोरीन, सोडियम हायपोक्लोराइट, ओझोन, पेरासेटिक आम्ल किंवा अतिनील किरण वापरतात. यांपैकी क्लोरीनचा मारा जंतूंपुरता राहत नाही. पाण्यात उरलेला अंश मासे, झिंगे आणि सूक्ष्म प्लवकांना बाधतो. जागा सोडून पळता न येणाऱ्या शिंपल्यांना तर तो चुकवताच येत नाही.

सांडपाण्यात अमोनिया असतो. क्लोरीन त्याच्याशी संयोग पावून क्लोरामाइने तयार होतात. मोकळा क्लोरीन उन्हात लवकर उडून जातो, क्लोरामाइने मात्र बराच वेळ टिकतात आणि प्रवाहाबरोबर दूरवर जातात. पाणी खारट असेल तर क्लोरीन त्यातल्या ब्रोमाइडमधून ब्रोमीन मुक्त करतो आणि ब्रोमीनची तितकीच दाहक संयुगे बनतात. गोव्यातल्या नद्यांत भरतीचे पाणी बरेच आतपर्यंत चढते, त्यामुळे इथे दोन्ही प्रकार संभवतात. वरच्या गोड्या पाण्यात लॅमेलिडेन्ससारखे शिंपले, खाली खाडीत खुबे आणि तिसऱ्या, तर मुखापाशी खडकाला धरून शिनाणे.

पूर्ण वाढलेला शिंपला क्लोरीनची चाहूल लागताच शिंपा घट्ट मिटतो आणि कित्येक दिवस तसाच राहू शकतो. तेवढ्या काळात पाणी गाळणे बंद, म्हणजे खाणे बंद आणि श्वसनही नाममात्र. तमिळनाडूतल्या कल्पाक्कम अणुवीज केंद्राच्या समुद्रपाण्याच्या बोगद्यात शिनाण्यांची थरच्या थर वाढ झाली, तेव्हा ती रोखायला क्लोरीनच वापरावा लागला. अशा ठिकाणी मधूनमधून दिलेला मोठा डोस फारसा उपयोगी पडत नाही, कारण तेवढा वेळ शिंपा मिटलेला असतो. सतत दिलेली थोडी मात्रा अधिक मारक ठरते. सांडपाणी प्रकल्पाच्या नळातून रात्रंदिवस झिरपणारा उरलासुरला क्लोरीन याच दुसऱ्या जातीचा.

खरी नाजूक अवस्था पिलांची. गोड्या पाण्यातल्या बहुतेक शिंपल्यांची अळी, ग्लोकिडियम, माशाच्या कल्ल्याला किंवा परांना चिकटून वाढते. मासा मिळाला नाही तर थोड्याच दिवसांत मरते. क्लोरीनच्या पट्ट्यातून मासे दूर सरले की या अळ्यांचा आधारच जातो. माशावरून सुटलेली पिले गाळात रुततात आणि तिथे त्यांना अमोनिया सोसावा लागतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१३ मध्ये अमोनियाचे निकष कडक केले (पीएच ७ आणि २० अंश सेल्सिअसला तीव्र बाधेसाठी लिटरला १७ मि.ग्रॅ., दीर्घकालीन बाधेसाठी १.९ मि.ग्रॅ.), त्यामागे मुख्यतः शिंपल्यांवरच्या चाचण्या होत्या.

क्लोरीनबाबत त्याच संस्थेचे गोड्या पाण्याचे तीव्र आणि दीर्घकालीन बाधेचे निकष अनुक्रमे लिटरला ०.०१९ आणि ०.०११ मि.ग्रॅ. आहेत, खाऱ्या पाण्याला ०.०१३ आणि ०.००७५. भारतात पर्यावरण (संरक्षण) नियमांनुसार नदीत सोडायच्या पाण्यात एकूण अवशिष्ट क्लोरीन लिटरला १ मि.ग्रॅ.पर्यंत चालतो. अमेरिकेचे आकडे नदी-समुद्रातल्या पाण्याचे आणि भारताचा नळाच्या तोंडाचा, त्यामुळे सरळ तुलना होत नाही. मधली तफावत नदीने पातळ करून भरून काढावी, हे त्यात गृहीत धरलेले असते. पावसाळ्यात ते जमतेही. पण मांडवी-जुवारीत गोडे पाणी येते ते बहुतांशी जून ते सप्टेंबरमध्ये. उन्हाळ्यात भरती-ओहोटी तेच पाणी वरखाली फिरवते. साळ नदी तर मुळात लहान. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत तिचा खारेबांध ते मोबोर हा भाग होता.

म्हणून निर्जंतुकीकरण सोडून द्यावे असे नाही. शिंपले पाणी गाळून जगतात आणि त्यातले जंतू अंगात साठवतात. मैल्याच्या पाण्यातल्या तिसऱ्या ताटात आल्या तर आजाराचा धोका असतो. उपाय आहेत. सोडण्याआधी सोडियम बायसल्फाइट घालून क्लोरीन काढता येतो, मात्र ते जादा पडले तर पाण्यातला प्राणवायू घटतो. अतिनील किरणांमागे रसायन उरत नाही, पण गढूळ पाण्यात ते पोहोचत नाहीत. आधीची गाळणी चांगली हवी. पेरासेटिक आम्ल विघटित होऊन शेवटी ॲसिटिक आम्ल, पाणी आणि प्राणवायू उरतो, पण खर्च जास्त.

मोजणीतही मेख आहे. नमुना ठेवला की क्लोरीन उडतो, त्यामुळे तपासणी जागेवरच करावी लागते. रंग जुळवून वाचायच्या साध्या क्लोरोस्कोपवर लिटरला ०.१ मि.ग्रॅ.च्या खालचे नेमके कळत नाही. नोंदवहीत ‘शून्य’ लिहिलेले पाणी शिंपल्यांसाठीच्या निकषाच्या कितीतरी पट वर असू शकते.