हॉर्नबी रोड ते दादाभाई नौरोजी रोड : जुन्या मुंबईतल्या रस्त्यांची पार्श्वभूमी

मेडोज स्ट्रीट, बझारगेट स्ट्रीट, चर्चगेट स्ट्रीट, एस्प्लनेड रोड. जुन्या भाडेपावत्यांवर, पेढ्यांच्या कागदांवर, कोर्टाच्या दस्तांमध्ये फोर्टमधले हे पत्ते सापडतात आणि आजच्या पाट्यांवर ते कुठेच दिसत नाहीत. रस्ते मात्र जागेवरच आहेत. मेडोज स्ट्रीट आता नगिनदास मास्टर रोड आहे, बझारगेट स्ट्रीट पेरीन नरिमन स्ट्रीट, चर्चगेट स्ट्रीट वीर नरिमन रोड आणि एस्प्लनेड रोड महात्मा गांधी रोड. अशी यादी कोणीही करू शकतो. पण ही नावं कोणत्या क्रमाने आली आणि गेली हे कळल्याशिवाय हरवलेला पत्ता हाती लागत नाही.

सुरुवात तटबंदीपासून होते. गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात, १७१५ नंतर, इंग्रजांच्या वस्तीभोवती तट उभा राहिला. त्याला मुख्य दरवाजे तीन: दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्चगेट, उत्तरेला बझारगेट. कोटाच्या आतले मोठे रस्ते या दरवाजांकडे जात आणि त्यांचीच नावं घेत. १८०३ च्या आगीत कोटाचा उत्तर भाग, म्हणजे मुख्यतः देशी व्यापाऱ्यांची वस्ती, मोठ्या प्रमाणावर जळाला आणि अनेकजण कोटाबाहेर राहायला गेले. पुढे १८६० च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तटच पाडला गेला. दरवाजे गेले, त्यांची नावं रस्त्यांवर राहिली. चर्चगेट होतं तिथे १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. चर्चगेट स्टेशन त्या जागेपासून बरंच पश्चिमेला आहे. रॅम्पार्ट रो हे नाव तर ज्या तटावरून पडलं तो तट गेल्यावरही कित्येक दशकं चाललं. आज तो काळा घोड्याजवळचा के. दुभाष मार्ग. अशी नावं मला फार मोलाची वाटतात, कारण नाहीशा झालेल्या तटाची रेषा त्यांच्या आधाराने आजही चालत शोधता येते.

गव्हर्नरांची नावं हा दुसरा थर. हॉर्नबी (१७७१ ते १७८४; त्याच्या नावाचा हॉर्नबी रोड आज दादाभाई नौरोजी रोड आहे), मेडोज, ग्रँट, कर्नाक, सँडहर्स्ट, लॅमिंग्टन. पण रस्त्याचं प्रत्येक इंग्रजी वाटणारं नाव इंग्रजच असेल असं नाही. गनबो स्ट्रीट हे नाव नाना शंकरशेट यांच्या घराण्यातल्या गणबा शेट यांच्यावरून आल्याचं सांगितलं जातं. त्या रस्त्याला आता रुस्तम सिधवा मार्ग म्हणतात.

इथपर्यंत फक्त नावं बदलली. गल्ल्या खरोखर पुसल्या गेल्या त्या कोटाच्या उत्तरेला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तीत समुद्रावरची हवा खेळावी म्हणून ट्रस्टने घरं पाडून सरळ, रुंद रस्ते काढले: प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड आणि नंतर सिडनहॅम रोड, म्हणजे आजचा मोहम्मद अली रोड. या रस्त्यांखाली जुन्या गल्ल्यांचे तुकडे गेले. त्यांना नवं नाव मिळालंच नाही, त्यामुळे नावांची यादी इथे कामाला येत नाही. इथे उपयोगी पडतात ते लॉटन यांच्या १८६५ ते १८७२ मधल्या सर्वेक्षणाचे नकाशे. ते ट्रस्टच्या आधीचे आहेत आणि इतक्या मोठ्या स्केलवर काढलेले आहेत की एकेक घर ओळखू येतं. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, पण पाडकाम तिथे थांबलं नाही. आज भेंडी बाजारात सुमारे साडेसोळा एकरांवर सुमारे २५० जुन्या इमारतींच्या जागी टॉवर आणि रुंद रस्ते येत आहेत.

स्वातंत्र्यानंतर महापालिकेच्या ठरावांनी पाट्या बदलत गेल्या, तो थर सगळ्यांच्या ओळखीचा. त्यात काही निवडी अगदी चपखल आहेत. प्रिन्सेस स्ट्रीटला शामळदास गांधींचं नाव मिळालं. १९४७ मध्ये जुनागढच्या नवाबाविरुद्ध स्थापन झालेल्या आरझी हुकूमतीचे, म्हणजे हंगामी सरकारचे, ते प्रमुख होते. खुर्शेद नरिमन यांनी १९२० च्या दशकात बॅकबेचा समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कामातला गैरकारभार उघड केला, त्यापायी बदनामीचा खटला अंगावर घेतला आणि ते निर्दोष सुटले. त्यांच्या नावाचा वीर नरिमन रोड सरळ त्याच किनाऱ्याला, मरीन ड्राइव्हला जाऊन भिडतो.

मात्र नाव एका दिवसात जात नाही. कर्नाक रोड कधीच लोकमान्य टिळक मार्ग झाला होता, तरी पुढचा पूल कर्नाक ब्रिजच राहिला. १८६८ चा तो पूल पाडून नवा बांधला, तेव्हा कुठे २०२५ मध्ये त्याचं नाव सिंदूर पूल झालं. साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत केलं गेलं ते याच कर्नाकच्या गव्हर्नरकीत, त्यामुळे त्याचा गौरव उतरवला हे योग्यच झालं. सँडहर्स्ट रोडचंही तसंच. पश्चिमेकडच्या रस्त्यावर सरदार पटेलांचं नाव केव्हाच लागलं, पण स्टेशनवर जुनं नाव टिकलं. २०२४ मध्ये विधिमंडळाने हे स्टेशन डोंगरी, चर्नी रोड गिरगाव आणि मरीन लाइन्स मुंबादेवी करण्याचा ठराव मंजूर करून केंद्राकडे पाठवला.

डोंगरी आणि गिरगाव ही नावं सँडहर्स्टपेक्षा कितीतरी जुनी, ती परत येत असतील तर आनंदच आहे. पण जुनं नाव पाटीवरून काढताना त्याची नोंदही पुसली, तर उद्या जुना दस्त हातात घेऊन येणाऱ्याला पत्ता लागणार नाही आणि प्रतापसिंहांच्या प्रसंगाशी कर्नाक रोडचा संबंध काय, हेही कोणाला सांगता येणार नाही. महापालिकेने प्रत्येक नव्या पाटीवर बारीक अक्षरात आधीचं नाव आणि ठरावाचं साल द्यावं. दुरुस्तीसाठी पाट्या उतरतातच, त्याच वेळी हे काम सहज होऊ शकेल.