संरक्षित सार्वजनिक भूमी व जलाखालील खनिजांचे मूल्यमापन (खानदेश)

राखीव जंगल, अभयारण्य, नदीपात्र, धरणाचे बुडीत क्षेत्र या जागा सरकारच्या मालकीच्या असतात, पण त्यांच्या वापरावर बंधने असतात. त्यांच्याखाली कोणते खनिज किती आहे, काढले तर त्याचे काय मिळेल आणि तिथेच राहू दिले तर काय टिकेल, हे ठरवण्याच्या कामाला मूल्यमापन म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातील तीन जिल्ह्यांत हा हिशेब सोन्याचा किंवा लोखंडाचा नसतो. तो असतो वाळू, मुरूम, डबर आणि गाळाचा, म्हणजे कायद्याच्या भाषेत गौण खनिजांचा. ‘गौण’ हा शब्द १९५७ च्या खाण व खनिजे अधिनियमातला. तापीकाठच्या माणसाला वाळू गौण वाटत नाही, हा भाग वेगळा.

भूस्तर. खानदेशाचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर वसला आहे. धुळे-नंदुरबार भागात या थरांत घुसलेल्या उभ्या खडकांच्या भित्ती मैलोन्‌मैल पूर्व-पश्चिम धावतात. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, गाळाची जाडी काही ठिकाणी शेकडो मीटर भरते. रावेर-यावलची केळी याच गाळातल्या पाण्यावर उभी आहे. पाषाणातल्या पोकळ्यांत झिओलाइट व ॲपोफिलाइटचे स्फटिक सापडतात, आणि परदेशी संग्राहकांच्या कपाटात ‘जळगाव’ ही चिठ्ठी लावलेले नमुने असतात. हा माल टनावर नव्हे, नगावर विकला जातो. त्यामुळे त्याच्या मूल्यमापनाला खाणशास्त्राची नेहमीची कोष्टके लागू पडत नाहीत. त्याहून खोल काय आहे, यासाठी थुआदरा-सेंधवा-सिंदाड या रेषेवर (सिंदाड हे पाचोरा तालुक्यातले गाव) भूकंपलहरींचे सर्वेक्षण झाले. त्यातून काळ्या पाषाणाखाली मध्यजीव काळातील गाळखडक असल्याचे अनुमान निघाले.

मालकी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, नाले व इतर कोणाच्याही मालकीची नसलेली जमीन शासनाची ठरते. कलम ४८ खनिजांवरील शासनाचा हक्क सांगते. काढलेल्या मालावर शासन स्वामित्वधन (रॉयल्टी) घेते. स्वामित्वधन हा कर नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २५ जुलै २०२४ रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने दिला.

मोजणी. वाळू गटाच्या, म्हणजे उपशासाठी ठरवलेल्या पात्राच्या तुकड्याच्या, मोजणीत पात्राला आडव्या रेषा टाकून पातळ्या घेतात आणि जागोजाग खड्डे खणून वाळूचा थर कुठे संपतो, खाली काळी माती लागते की खडक, ते पाहतात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पातळ्या घेतल्या, तर पुराने किती वाळू परत आणली ते कळते. २०१६ पासून जिल्हा सर्वेक्षण अहवालाशिवाय गौण खनिजाला पर्यावरण मंजुरी मिळत नाही. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी उपशाची खोली तीन मीटरवर रोखली आहे. माल ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, वाळू असेल तर ढोबळमानाने साडेचार टन. दमट वाळू फुगते आणि पूर्ण भिजली की पुन्हा बसते, त्यामुळे एकाच ढिगाचे ब्रास सकाळी एक आणि दुपारी दुसरे निघू शकतात. गिरणा नदीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. वरच्या अंगाला १९६९ चे गिरणा धरण आहे, आणि धरण पाण्याबरोबर वाळूही अडवते. खालच्या पात्रात ‘दरवर्षी नवी वाळू येते’ हे गृहीत धरूनच मूल्य काढले, तर आकडा फुगलेलाच येणार.

भाव. २०२३ च्या वाळू धोरणात शासकीय डेपोतून एक ब्रास ६०० रुपयांना द्यायचे ठरले, वाहतूक वेगळी. २०२५ च्या धोरणाने डेपो बंद करून पुन्हा लिलाव आणले आणि कृत्रिम वाळूवर भर दिला. नदी तीच असताना मालाचे ‘मूल्य’ मात्र शासन निर्णयासरशी बदलते.

आता एक हिशेब. २०० मीटर लांब, ४० मीटर रुंद आणि एक मीटर जाड वाळूचा पट्टा म्हणजे ८,००० घनमीटर, सुमारे २,८२७ ब्रास, २०२३ च्या ६०० रुपयांच्या दराने जवळपास १७ लाख रुपये. भिजलेल्या स्वच्छ वाळूतून तिच्या आकारमानाच्या निदान पाचवा हिस्सा पाणी सुटते. याच पट्ट्यातून ते १,६०० घनमीटर, म्हणजे १६ लाख लिटर निघते. म्हणजे वाळूचा भाव तिच्यातल्या पाण्याच्या लिटरमागे रुपयाच्या आसपास पडला, पण रुपया एकदाच मिळतो आणि वाळू जागेवर असेपर्यंत पाणी प्रत्येक पुराने पुन्हा भरते. काठच्या विहिरी या पाण्यावर चालतात. स्वामित्वधनाच्या हिशेबात हा आकडा येत नाही, आणि प्रस्तुत नोंदकाराच्या मते खानदेशातील मूल्यमापनाची सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

जंगलाखालील खनिज. यावल अभयारण्य (१९६९, १७७.५२ चौ. किमी), शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य (१९८६, ८२.९४ चौ. किमी) आणि मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र (२०१४) ही इथली प्रमुख संरक्षित क्षेत्रे. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये आणि त्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकाम करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२३ रोजी स्पष्ट केले. संवर्धन राखीव क्षेत्राला अभयारण्याइतकी कडक बंधने नाहीत, पण तिथली वनजमीन वनेतर कामाला वळवायची तर १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची परवानगी लागतेच. अशा वेळी जंगलाचेही मूल्य काढतात. त्याला निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निर्णयानुसार ते हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख रुपये होते, अभयारण्यासाठी पाचपट, राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट. पुढे २०२२ मध्ये दर वाढवले गेले.

साठ्यांच्या वर्गीकरणात आर्थिकता, व्यवहार्यता आणि भूवैज्ञानिक खात्री असे तीन अक्ष धरतात आणि प्रत्येकाला याच क्रमाने एक अंक देतात. १११ म्हणजे काढण्याजोगा सिद्ध साठा. सविस्तर मोजलेला पण काढणे परवडते की नाही हे न ठरलेला तो ३३१. अभयारण्यातला खडक कितीही बारकाईने मोजला, तरी त्याला साठा म्हणता येत नाही, तो संपदाच, म्हणजे जमिनीत आहे पण काढता येत नाही असा माल, राहतो. त्याच्या टनांना बाजारभावाने गुणून ‘एवढ्या कोटींचे खनिज अडकून पडले’ असे म्हणणाऱ्याने पहिल्याच पायरीवर घोटाळा केलेला असतो.

ग्रामसभा. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा हे तालुके आणि साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांतील बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसा कायद्याच्या (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा, १९९६) कलम ४ नुसार तिथे गौण खनिजाचा परवाना किंवा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस आवश्यक आहे. ग्रामसभेत चर्चा ब्रासची होत नाही. ती नाल्याची, गुरांच्या वाटेची आणि देवस्थानाच्या टेकडीची होते.

बुडीत क्षेत्र. उकाईचा फुगवटा नंदुरबार जिल्ह्यात आणि सरदार सरोवराचा अक्कलकुवा-अक्राणीत येतो. पाण्याखाली गेलेला खडक व्यवहारात हिशेबाबाहेर गेला. उरतो तो गाळ. २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत शेतकऱ्याला तो स्वामित्वधनाशिवाय नेता येतो. इथे मालाला भाव नाही, भाव आहे तो ट्रॅक्टरच्या फेरीला. धरणापासून शेत जितके लांब, तितका गाळ महाग.