फुलहॅमचं घर आणि केडगावचं कृपासदन

पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव हे स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. या मिशनची गोष्ट सहसा १८९६-९७च्या दुष्काळापासून सांगतात. मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरत होती, रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन परतल्या. ते खरंच आहे. पण या कामाचं बी त्याआधी तेरा-चौदा वर्षं पडलं होतं, तेही लंडनच्या फुलहॅम भागातल्या एका घरात. रमाबाईंनी पुढे, १९०७ साली, आपली साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेची हकीकत, लिहिली तेव्हा स्वतःच हे सांगितलं.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा त्या अवघ्या पंचवीस वर्षांच्या होत्या. तेवढ्यात त्यांनी बरंच सोसलं होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं, तीर्थयात्रा करत पुराणं सांगितली आणि दुष्काळात देह ठेवला. मागोमाग आई गेली, थोरली बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. मग भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, पण दोन वर्षांच्या आत पटकीने तेही गेले. लेक मनोरमाला कडेवर घेऊन रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे बोलल्या. वैद्यकी शिकावी म्हणून त्यांनी विलायत गाठली. कानांनी नीट ऐकू येत नसल्याने ते शिक्षण राहून गेलं.

उतरल्या त्या वाँटेज गावात, अँग्लिकन सिस्टर्सच्या मठात. याच सिस्टर्सची एक शाखा पुण्यात काम करत होती, तीच ओळख उपयोगी पडली. वाँटेजच्या सिस्टर्सनी त्यांना फुलहॅमचं आपलं काम पाहायला नेलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायका तिथे राहत होत्या. ज्यांचं आयुष्य पार बदललं होतं, अशा काही जणी आता आजाऱ्यांची आणि दुबळ्यांची शुश्रूषा करत होत्या. रमाबाई थक्क झाल्या. आपल्या देशात या बायकांबद्दल कुणी मायेने बोललेलं किंवा त्यांच्यासाठी काही केलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. शास्त्रं त्यांना तोंडपाठ होती आणि अशा स्त्रीला काय शिक्षा सांगितली आहे, तेही त्यांना माहीत होतं.

त्यांनी सिस्टरला विचारलं, तुम्ही यांच्यासाठी हे का करता? उत्तरादाखल सिस्टरने योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्त बोलतो, ती ही गोष्ट. तिचे पाच नवरे झालेले, आता ज्याच्यासोबत राहते तो तिचा नवरा नाही, आणि यहुद्यांच्या लेखी तिची जातही हलकी. त्याच बाईपाशी ख्रिस्त खऱ्या उपासनेविषयी बोलतो.

इथे थोडं थांबायला हवं. आपल्याकडे असं कुणीच केलं नव्हतं, हे रमाबाईंचं म्हणणं पुण्यापुरतं तरी पुरतं खरं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्येच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. तहानेल्या गाढवाला कावडीतली गंगा पाजणारे एकनाथ तर घराघरांत माहीत होते. पण शास्त्रांच्या जगात वाढलेल्या या बाईला त्या जगात जे भेटलं नाही, ते फुलहॅममध्ये भेटलं, आणि त्या अनुभवाचं मोल त्यामुळे कमी होत नाही.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. त्यामागे एकटं फुलहॅम नव्हतं. नीलकंठशास्त्री, म्हणजे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण पंडित फादर नेहेम्या गोरे, यांच्याशी झालेला वादविचारही होता. बाप्तिस्म्यानंतर त्या मुकाट आज्ञाधारक झाल्या असंही नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रव्यवहार वाचला तर कळतं की त्रैक्यापासून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीपासून) चर्चच्या अधिकारापर्यंत कुठलीही गोष्ट त्यांनी पटल्याशिवाय मानली नाही.

पुढे अमेरिका. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला त्या गेल्या, भाषणं दिली, पुस्तक लिहिलं आणि बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिने दहा वर्षं पैसे देण्याचं कबूल केलं. अट एकच होती, शाळेत धर्मप्रसार होता कामा नये. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, दुसऱ्या वर्षी ते पुण्याला हललं. उच्चवर्णीय विधवा तिथे शिकत, आपापले आचार पाळत, स्वयंपाक आपल्या रीतीचा असे.

१८९३ मध्ये ठिणगी पडली. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि काही मुली तिथे येऊन बसत. केसरीने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले. पालकांची भीती अगदीच निराधार होती असं म्हणता येत नाही. जे आपल्याला मिळालं ते लपवून ठेवणं रमाबाईंच्या स्वभावात नव्हतं. पण सदनात आलेली पोर बाटलीच म्हणून समजा, ही हाकाटीही खोटी होती. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई त्याच १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून बाहेर पडल्या आणि हिंदूच राहिल्या. कर्व्यांच्या पुढच्या कामात या ‘बाया’ कर्व्यांचा हात होता. कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेचा इतिहास सांगताना शारदा सदनाचं हे ऋण मोजणारे थोडेच.

मग दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींच्या बातम्या कानी आल्या तेव्हा रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीची आपलीच उपासमार आठवली. त्या तिकडे गेल्या. मदतछावण्यांभोवती मुलींना फूस लावून पळवून नेणारी माणसं घिरट्या घालत होती. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या, आणि तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. शहरात इतक्या जणींना ठेवायला सरकारची मनाई झाली. केडगावला रमाबाईंनी आधीच माळरान विकत घेऊन ठेवलं होतं. तिथे तंबू पडले, विहिरी खणल्या गेल्या, १८९८ मध्ये मुक्ती सदन रीतसर सुरू झालं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. याच काळात प्लेगच्या छावण्यांत बायकांना कसं वागवतात, यावर रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये सरकारविरुद्ध खरमरीत लिहिलं. त्यांना मिशनऱ्यांच्या हातातलं बाहुलं म्हणणाऱ्यांना याची आठवण क्वचितच असते.

केडगावला धर्मप्रसार नको ही अट उरली नव्हती, ते उघडपणे ख्रिस्ती घर होतं. शेती, विणकाम, तेलघाणा, शिवण, छापखाना, सगळं बायकाच चालवत. आंधळ्या मुलींसाठी बार्तिमी सदन होतं आणि मनोरमाने तिथे ब्रेल आणली. म्हाताऱ्या आणि अपंग बायकांसाठी प्रीती सदन होतं. आणि कृपासदन होतं, जगाने पतित ठरवलेल्या बायकांचं. केडगावच्या इमारतींत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच, कारण फुलहॅमचं घर शेवटी इथे येऊन उभं राहिलं.

सेवा हाच धर्म, असं रमाबाईंच्या तोंडी घालण्याचा मोह होतो, पण तो त्यांच्यावर अन्याय होईल. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी १८९१ च्या आसपासच्या आपल्या स्थितीबद्दल लिहिलं आहे. चांगली कामं करून तारण मिळत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची जी लाट उसळली, ती सुधारकांना फारशी रुचणारी नव्हती. रडणं, पापकबुली, रात्र रात्र प्रार्थना. रमाबाईंना दळण आणि प्रार्थना ही दोन वेगळी कामं वाटत नव्हती. आपल्याला वाटतात, म्हणून अर्ध्या लोकांना त्यांचा समाजसुधार आवडतो आणि अर्ध्यांना त्यांची भक्ती.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनी खिळे जुळवले आणि १९२४ मध्ये पूर्ण बायबल बाहेर पडलं, त्यात विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा तो चौथा अध्यायही होता.