शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात शाश्वततेविषयी संशोधन : पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

कोल्हापुरातील शिवाजी विद्यापीठाचा परिसर सुमारे ८५३ एकरांचा असून तळी, विहिरी, माळ, वसतिगृहे, प्रयोगशाळा असे सारे तेथे एकाच व्यवस्थापनाखाली येते. त्यामुळे पाण्याचा ताळेबंद, इमारतींचा वीजवापर, ओल्या कचऱ्याचे खत असे विषय येथे प्रत्यक्ष मोजून तपासता येतात. मात्र विषयाला मान्यता मिळाली म्हणजे जागेवर काम करण्याची मुभाही मिळाली, असे समजू नये. पीएच.डी.चा विषय तपासणारी समिती वेगळी आणि विहिरीवर मापक बसवू द्यायचा की नाही हे ठरवणारी यंत्रणा वेगळी.

अधिविभागांतील शिक्षक व संशोधक विद्यार्थ्यांनी विभागप्रमुखांमार्फत, तर संलग्न महाविद्यालयांतील अर्जदारांनी प्राचार्यांमार्फत अर्ज करावा. बाहेरच्या संस्थेने विद्यापीठातील एखाद्या शिक्षकाला सहसंशोधक म्हणून आधीच सोबत घ्यावे, कारण रोजच्या नोंदींची जबाबदारी घेणारे कोणीतरी परिसरातच असावे लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार कुलसचिव हे विद्यापीठाचे मुख्य प्रशासकीय अधिकारी असल्याने अर्ज त्यांच्या नावे लिहून आवक विभागात द्यावा व पोहोच घ्यावी.

अर्जासोबत ओळखपत्र, मार्गदर्शकांचे शिफारसपत्र, संशोधनाचा आराखडा, वेळापत्रक आणि खर्च कोण करणार याचा खुलासा जोडावा. तथापि या साऱ्यांत निर्णायक ठरतो तो जागेचा नकाशा. ‘परिसरातील जलस्रोतांचा अभ्यास’ एवढेच लिहिलेल्या अर्जावर कोणालाही ठाम शेरा मारता येत नाही. त्याऐवजी कोणती विहीर, कठड्यावर कोणत्या बाजूला मापक बसणार, तो किती काळ राहणार, छिद्र पाडावे लागेल का आणि काम संपल्यावर जागा पूर्ववत कोण करून देणार, हे लिहावे. पंप सुरू झाला की विहिरीची पातळी खाली जाते, म्हणून पहाटे, उपसा सुरू होण्यापूर्वी मोजणी करायची असेल, तर त्या वेळच्या प्रवेशाची विनंतीही याच अर्जात असावी. नाहीतर सुरक्षारक्षक अडवतील, आणि ते योग्यच होईल. पावसाळ्याआधीची पातळी मे महिन्यात नोंदवावी लागते, तेव्हा अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच द्यावा.

वसतिगृहातील विद्यार्थ्यांची प्रश्नावली भरून घ्यायची असल्यास नैतिकता समितीची मान्यता व संमतिपत्राचा मराठी नमुना जोडावा. खोलीनिहाय वीजवापराच्या नोंदींतून एखाद्याची दिनचर्या कळू शकते, म्हणून त्यातील नावे काढून टाकण्याची हमी द्यावी.

काही परवानग्या विद्यापीठाच्या हातात नसतात. मोर हा पक्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्रजातींच्या यादीत असल्याने दुरून निरीक्षण करण्यापलीकडे, म्हणजे पकडणे किंवा खूणपट्टी बांधणे असेल, तर वन विभागाची लेखी परवानगी लागते. वनस्पती किंवा सूक्ष्मजीवांचे नमुने संशोधनासाठी घेणाऱ्यांत परदेशी नागरिक असेल, तर जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता आवश्यक ठरते. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्यामुळे ड्रोनने छायाचित्रण करण्यापूर्वी डिजिटल स्काय या केंद्र सरकारच्या ड्रोनविषयक संकेतस्थळावरील नकाशावर ती जागा कोणत्या क्षेत्रात मोडते हे पाहून, गरजेनुसार उड्डाणाची परवानगी घ्यावी. विद्यापीठाचे पत्र त्या परवानगीची जागा घेऊ शकत नाही.

मंजुरीनंतर जागा किंवा उपकरण बदलल्यास दुरुस्ती अर्ज द्यावा, आणि काम संपल्यावर उपकरणे काढून मूळ नोंदींची प्रत अभियांत्रिकी विभागाला द्यावी, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच विहिरीवर येणाऱ्याला मागची पातळी उपलब्ध राहते.