तुम्हाला सापडू शकणारी खेळी: बुद्धिबळाचे इंजिन कामाला कसे लावायचे

डाव संपतो, विश्लेषणाचे बटण दाबले जाते आणि पडद्यावर आकडे उमटतात: +०.४, +०.२, −१.८. सतराव्या खेळीवर लाल खूण. इथे दुसरी खेळी हवी होती, असे इंजिन, म्हणजे खेळ्या मोजून पाहणारा प्रोग्राम, म्हणतो. का, ते सांगत नाही. फार तर बारा खेळ्यांची मालिका दाखवते, जी बाराशे रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) खेळाडूला पटावर बसून कधीच सुचली नसती. खेळाडू पुढच्या डावाकडे वळतो आणि तीच चूक पुन्हा करतो.

दोष इंजिनचा नाही. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. त्यानंतर इंजिने घडत गेली ती एकमेकांना हरवण्यासाठी. सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश या इंजिनच्या बाराव्या आवृत्तीत न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी गणिती रचना) आले आणि आधीच अफाट असलेली ताकद आणखी वाढली. ती आता पुरून उरते. सामान्य खेळाडूसाठी काम बाकी आहे ते इंजिनच्या वरच्या थरात: त्याने काढलेल्या माहितीतले काय दाखवायचे, काय झाकायचे आणि कोणत्या क्रमाने.

आधी तो आकडाच घेऊ. +१ म्हणजे एका प्याद्याची आघाडी, असे आपण वाचत आलो. स्टॉकफिशच्या १५.१ या आवृत्तीपासून (डिसेंबर २०२२) त्याचा अर्थ असा: स्टॉकफिश स्वतःशीच खेळला तर त्या स्थितीतून जिंकण्याची शक्यता ५० टक्के. हा दोन इंजिनांमधला हिशेब झाला, माणसाला तो लागू पडत नाही. म्हणून लिचेस हे संकेतस्थळ आकड्याचे विजयाच्या टक्केवारीत रूपांतर करते. त्यांच्या सूत्राने +१ म्हणजे ५९ टक्के, +३ म्हणजे ७५, +९ म्हणजे ९६ च्या वर आणि +१२ म्हणजे जवळजवळ ९९. आता दोन चुका शेजारी ठेवा. एकीत +१२ चे +९ झाले, दुसरीत +१ चे −२. दोन्हींत तीनच गुण गेले. पण पहिलीत दोन-अडीच टक्के गेले आणि दुसरीत जवळपास सत्तावीस. पहिली चूक शिकणाऱ्याला दाखवण्याची गरजच नाही.

याही सूत्राला मर्यादा आहे. ते २३०० च्या आसपास रेटिंग असलेल्यांच्या रॅपिड (कमी वेळाच्या) डावांवरून बसवले आहे. बाराशेच्या खेळाडूची तीन गुणांची आघाडी एवढी भरवशाची नसते. ज्याला प्रोग्रामिंग येते त्याने स्वतःचे कोष्टक तयार करावे. लिचेसचे डाव दरमहा मोफत उपलब्ध होतात आणि काही डावांच्या फायलीत प्रत्येक खेळीचे मूल्यांकनही असते. दोन्ही खेळाडू १००० ते १२०० मधले असलेले डाव गाळून घ्या, विसाव्या खेळीचे मूल्यांकन अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या टप्प्यांत टाका आणि प्रत्येक टप्प्याचे निकाल मोजा. एका डावातून एकच स्थिती घ्या. सगळ्या घेतल्या तर लांबलेल्या डावांचे वजन फाजील वाढते आणि कोष्टक बिघडते.

आता मुख्य प्रश्न: योग्य खेळी तुम्हाला सापडण्याजोगी होती का? याचे उत्तर देणारे साधन २०२० पासून आहे. त्याचे नाव माया. टोरांटो विद्यापीठ, कॉर्नेल विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या संशोधकांनी ते तयार केले. लिचेसवरच्या माणसांच्या लाखो डावांवर त्याला शिकवले, तेही सर्वोत्तम खेळी शोधायला नव्हे, माणूस काय खेळेल ते ओळखायला. ११०० ते १९०० पर्यंतच्या रेटिंगसाठी वेगवेगळी नऊ मॉडेल आहेत आणि सुमारे निम्म्या वेळा त्यांचा अंदाज बरोबर ठरतो. ती लीला या इंजिनात बसवून चालवतात, पण शोध एका नोडपुरताच (नोड म्हणजे शोधात तपासलेली एक स्थिती) ठेवावा लागतो. नोड वाढवले की मॉडेल पुढचे मोजू लागते, ताकदवान होते आणि त्याचे माणसासारखेपण जाते. नेमकी हीच सेटिंग अनेकांकडून चुकते.

मायाचा उपयोग चुकांचा क्रम लावायला करावा. प्रत्येक चुकीसाठी दोन संख्या घ्या: गेलेली टक्केवारी, आणि तुमच्यापेक्षा दोनशे गुणांनी वरच्या मॉडेलने योग्य खेळीला दिलेली शक्यता. दोन्हींचा गुणाकार करा. समजा, एका चुकीने ३० टक्के गेले, पण योग्य खेळीची शक्यता ०.०४ होती, गुणाकार १.२. दुसरीने १८ टक्केच गेले, पण शक्यता ०.५, गुणाकार ९. आधी दुसरी दाखवायची. ती खेळी तुमच्या पुढच्या पायरीवरच उभी आहे. पहिलीसाठी स्वतःला दोष देण्यात काही अर्थ नाही.

चूक निवडली की कारण सांगणे आले. ओळखीचे उदाहरण घेऊ: १. ई४ ई५, २. घोडा एफ३ घोडा सी६, ३. उंट सी४ घोडा एफ६, ४. घोडा जी५ डी५, ५. ई×डी५. इथे घोड्याने डी५वरचे प्यादे परत मारणे अगदी स्वाभाविक वाटते, आणि तीच चूक आहे. पांढरा घोड्याने एफ७वरचे प्यादे मारतो आणि वजीर व हत्ती दोघांवर एकदम हल्ला करतो. राजाने घोडा मारला की वजीर एफ३वर येऊन शह देतो. काळा घोडा आता डी५वर अडकला: मागे राजा, समोर सी४चा उंट, आणि वजिराचा माराही त्याच्यावरच. तो वाचवायचा तर राजाला भर पटावर ई६वर यावे लागते. नंतर पांढरा सी३वर घोडा आणून तिसरा मारा वाढवतो. इंजिन काळ्याच्या बाजूने शांतपणे बचाव शोधत राहते आणि आकडा फार भयानक दाखवत नाही. माणसाच्या हाती असे डाव सहसा उरत नाहीत. पाचव्या खेळीला घोडा ए५ खेळून उंटाला हटवणे हा रूढ उपाय आहे.

अशा स्पष्टीकरणाचा मोठा भाग यंत्राला स्वतः काढता येतो. युक्ती सोपी आहे: पाळी बदलायची. खेळणाऱ्याची खेळी वगळून प्रतिस्पर्ध्याला लागोपाठ दुसरी संधी द्यायची आणि इंजिनला त्याची सर्वोत्तम खेळी विचारायची. तोच धोका. लिचेसच्या विश्लेषणपटावर एक्स ही कळ दाबली की हेच होते. राजाला शह असताना ही युक्ती चालत नाही. अंत्यपर्वात, जिथे पाळी असणेच तोट्याचे ठरते, तिथे ती दिशाभूल करते. भाषा मॉडेलकडून (मजकूर लिहिणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून) स्पष्टीकरण लिहून घेताना फार जपावे. ती सफाईदार वाक्यात पटावर नसलेला उंटही उभा करतात. कोणता मोहरा कुठल्या घरात आहे आणि कशावर मारा करतो, हे प्रत्येक विधान पटाच्या स्थितीशी ताडून पाहिल्याशिवाय वाचकापुढे ठेवू नये.

सरावाचा प्रतिस्पर्धी हीसुद्धा दुखरी जागा आहे. स्टॉकफिशची पातळी कमी केली की ते चांगल्या खेळ्यांत अधूनमधून मुद्दाम कमकुवत खेळी मिसळते. म्हणून दहा खेळ्या ग्रँडमास्टरसारख्या आणि अकराव्याला घोडा फुकट, असा विचित्र अनुभव येतो. माणूस असा चुकत नाही. तो मागे येणारा घोडा विसरतो, पटाच्या दुसऱ्या टोकाचा उंट विसरतो. माया अशाच चुका करते, म्हणून तिच्याशी खेळलेला डाव खऱ्या सामन्याच्या जवळ जातो.

स्वतःच्या डावांतून कोडी काढणे हा सॉफ्टवेअरचा सर्वात मोलाचा उपयोग. निकष असे ठेवावेत: चुकीने किमान १५ टक्के गेलेले असावेत, योग्य खेळी आणि दुसऱ्या क्रमांकाची खेळी यांत किमान १० टक्क्यांचे अंतर असावे, आणि फायदा तीन खेळ्यांत पदरात पडावा. घड्याळात वीस सेकंदांहून कमी उरले असताना झालेल्या चुका वेगळ्या काढा; त्या वेळेच्या नियोजनाच्या आहेत. कोडे पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा समोर यावे. आणि दर चार कोड्यांत एक स्थिती अशी मिसळा, जिथे काहीही युक्ती नाही, साधी शांत खेळीच बरोबर. कोडे म्हटले की काहीतरी दडले आहे हे आधीच कळते. सामन्यात ते कुणी सांगत नाही, आणि खोट्या बलिदानांची सवय इथूनच लागते.

यातले काहीही नव्याने बांधायचे नसेल, तरी आजच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढे करता येते. डाव संपल्यावर इंजिन बंद ठेवून तीन ठिकाणे स्वतः खुणवा, जिथे तुम्हाला शंका आली होती. मग इंजिन सुरू करा, एकाऐवजी तीन पर्याय मागा, खोली (इंजिन किती पुढचे मोजते तो आकडा) वीसच्या आसपास ठेवा. ०.३ पर्यंतच्या फरकाकडे लक्ष देऊ नका. खोली एक-दोनने बदलली तरी तेवढा आकडा हलतो. तिन्ही पर्याय जवळपास सारखे असतील तर तिथे शिकण्यासारखे थोडेच आहे. एकच पर्याय चालत असेल आणि बाकीचे दोन कोसळत असतील, तर तीच स्थिती तुमच्या बाजूने इंजिनविरुद्ध पुढे खेळून पाहा.