मॅथ्यू स्कार्लेट आणि जिलाँगचा बचाव : एका फुलबॅकच्या कारकिर्दीमागचा इतिहास

ऑस्ट्रेलियन रुल्स फुटबॉलमध्ये जिलाँग क्लबकडून 1998 ते 2012 या काळात मॅथ्यू स्कार्लेट 284 सामने खेळला आणि त्यात त्याने एकूण 17 गोल केले. एकेका सामन्यात एकेका संघाचे दहा-पंधरा गोल सहज होणाऱ्या या खेळात हा आकडा नगण्य वाटेल. तरीही त्याच पंधरा वर्षांत त्याला सहा वेळा वर्षाच्या सर्वोत्तम संघात, म्हणजे ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, स्थान मिळाले आणि तीन विजेतेपदांत त्याचा वाटा राहिला. स्कार्लेट फुलबॅक होता, म्हणजे आपल्या गोलखांबांच्या सर्वांत जवळ उभा राहणारा बचावपटू. फुलबॅककडून असलेली अपेक्षा शंभर वर्षांत फारशी बदलली नव्हती. ती नेमकी त्याच्या कारकिर्दीच्या काळात बदलली. हा बदल समजून घेतल्याशिवाय त्याच्या कारकिर्दीचे मोल कळत नाही, म्हणून थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

या खेळाचा जन्म क्रिकेटच्या कुशीत झाला. टॉम विल्स या नामवंत क्रिकेटपटूने 1858 च्या जुलैमध्ये मेलबर्नमधील एका क्रीडापत्राला पत्र लिहून, क्रिकेटपटूंना हिवाळ्यात तंदुरुस्त ठेवण्यासाठी फुटबॉल क्लब स्थापन करावा, असे सुचवले. पुढच्या वर्षी, 17 मे 1859 रोजी, मेलबर्न क्लबचे पहिले नियम लिहिले गेले आणि त्याच वर्षी जिलाँग क्लबही अस्तित्वात आला. क्रिकेटच्या मैदानांवर खेळला जाऊ लागल्यामुळे या खेळाचे मैदान लंबगोल राहिले. बॉक्सिंग डे कसोटीमुळे आपल्याला परिचित असलेले मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हेच आजही त्याच्या अंतिम सामन्याचे, म्हणजे ग्रँड फायनलचे, ठिकाण आहे. दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खेळाडू असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने मारला की गोल होतो आणि त्याचे सहा गुण मिळतात. बाजूच्या आखूड खांबांपर्यंतच्या पट्ट्यातून गेला तर ‘बिहाइंड’ होऊन एकच गुण मिळतो. ही गुणपद्धती 1897 साली, व्हिक्टोरियन फुटबॉल लीगच्या पहिल्या हंगामापासून रूढ झाली. हीच लीग 1990 पासून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग या नावाने ओळखली जाते.

बचावपटूच्या दृष्टीने दोन नियम मूलभूत आहेत. पहिला असा की, या खेळात ऑफसाइड नाही. त्यामुळे आक्रमक खेळाडू वाटेल तितका पुढे जाऊन उभा राहू शकतो आणि त्याच्यासोबत एका बचावपटूला सतत राहावे लागते. दुसरा नियम ‘मार्क’चा. दूरवरून लाथाडलेला चेंडू कुणी हवेत झेलला, तर त्याला अडथळ्याविना पुढची किक घेता येते, आणि हा झेल गोलसमोर घेतला गेला तर सहा गुण जवळपास पदरात पडल्यासारखेच असतात. म्हणूनच प्रतिस्पर्ध्याला झेल घेऊ न देणे, त्यासाठी शेवटच्या क्षणी मागून येऊन मुठीने चेंडू उडवून लावणे, हे फुलबॅकचे पहिले कौशल्य मानले गेले.

विसाव्या शतकातले या खेळाचे खरे नायक मात्र फुल-फॉरवर्ड, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलखांबांसमोर उभे राहून गोल करणारे खेळाडू होते. बॉब प्रॅटने 1934 च्या हंगामात 150 गोल केले. पीटर हडसनने 1971 मध्ये त्या विक्रमाची बरोबरी केली. गॉर्डन कॉव्हेंट्रीचा 1299 गोलांचा कारकिर्दीतील विक्रम सहा दशकांहून अधिक काळ टिकला आणि अखेर टोनी लॉकेटने तो मोडून 1360 पर्यंत नेला. फुलबॅकचे यश यांना रोखण्यात मोजले जात असे. 1930 च्या दशकात कॉलिंगवुडच्या जॅक रेगनला ‘फुलबॅकांचा राजपुत्र’ म्हटले गेले, पण अशी कौतुके थोडीच. शिकवण साधी होती: प्रतिस्पर्ध्याला चिकटून राहा, चेंडू उडवा, मिळालाच तर सीमारेषेकडे लांब मारून मोकळे व्हा.

जिलाँगची परंपरा या बाबतीत थोडी निराळी होती. रेग हिकी हा बचावपटू असूनही कर्णधार आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत त्याने 1937 चे विजेतेपद मिळवून दिले, आणि पुढे त्याच्याच मार्गदर्शनाखाली क्लबने 1951 व 1952 ची विजेतेपदे जिंकली. 1952-53 मध्ये सलग 23 विजयांची मालिकाही त्याच संघाने रचली. त्या संघातील बर्नी स्मिथला 1951 मध्ये लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक मिळाले. तो ‘बॅक पॉकेट’, म्हणजे फुलबॅकच्या शेजारी उभा राहणारा खेळाडू होता, आणि त्या जागेवरच्या खेळाडूला हे पदक मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. मिळालेला चेंडू घाईने बाहेर न मारता तो विचारपूर्वक सहकाऱ्याकडे देणारा बचावपटू म्हणून त्याचे नाव राहिले. म्हणजे स्कार्लेटने पुढे जे केले त्याचे बीज क्लबच्या इतिहासात होतेच. ते मधल्या काळात विसरले गेले होते, इतकेच.

कारण 1963 च्या विजेतेपदानंतर जिलाँगला दीर्घ दुष्काळाने घेरले, आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस माल्कम ब्लाइट प्रशिक्षक म्हणून आला तेव्हा संघाची ओळख बेभान आक्रमण अशी झाली. 1989 च्या ग्रँड फायनलमध्ये थोरल्या गॅरी अ‍ॅब्लेटने एकट्याने नऊ गोल करूनही हॉथॉर्नने जिलाँगला 144-138 असे सहा गुणांनी हरवले. 138 गुण मिळवूनही हरणाऱ्या संघाचे दुखणे कुठे आहे, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. त्यानंतर 1992, 1994 आणि 1995 अशा आणखी तीन ग्रँड फायनल जिलाँगने गमावल्या. यांपैकी शेवटची विशेष बोलकी आहे. कार्लटनने ती 61 गुणांनी जिंकली आणि त्यांचा फुलबॅक स्टीफन सिल्वानी याने थोरल्या अ‍ॅब्लेटला एकही गोल करू दिला नाही. पुढच्याच वर्षी, लीगच्या शताब्दीनिमित्त निवडलेल्या ‘शतकातील संघा’त फुलबॅकच्या जागी सिल्वानीचे नाव आले, याच संघात बॅक पॉकेटवर बर्नी स्मिथही होता. चांगला फुलबॅक ग्रँड फायनल फिरवू शकतो, हा धडा जिलाँगला असा उलट्या बाजूने मिळाला.

स्कार्लेट क्लबमध्ये आला तो 1997 च्या ड्राफ्टमधून, ‘पिता-पुत्र’ नियमाखाली. नव्या खेळाडूंची क्लबांमध्ये वाटणी करणारी राष्ट्रीय ड्राफ्ट पद्धत 1986 पासून सुरू आहे. तिच्यातही, ज्याच्या वडिलांनी एखाद्या क्लबसाठी ठरावीक संख्येने सामने खेळले आहेत अशा मुलाला त्या क्लबने प्राधान्याने घेण्याची सवलत कायम ठेवण्यात आली. मॅथ्यूचे वडील जॉन स्कार्लेट हेही जिलाँगचे बचावपटू होते. समान संधीच्या तत्त्वावर उभ्या असलेल्या ड्राफ्टमध्ये ही वारसाहक्काची खिडकी तर्काला पटणारी नाही, पण क्लबांवर पिढ्यानुपिढ्या प्रेम करणाऱ्या प्रेक्षकांना ती प्रिय आहे, आणि जिलाँगइतका तिचा लाभ क्वचितच कुणी उठवला असेल. 2007 च्या विजेत्या संघात स्कार्लेटबरोबर थोरल्या अ‍ॅब्लेटचे दोन पुत्र, धाकटा गॅरी आणि नेथन, हेही होते.

त्याला लाभलेल्या प्रशिक्षकांकडे सहसा कुणी या अंगाने पाहत नाही, पण ते तिघेही बचावपटू होते. पहिली दोन वर्षे गॅरी आयर्स प्रशिक्षक होता, जो हॉथॉर्नच्या बचावफळीत खेळताना दोनदा ग्रँड फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. 2000 पासून मार्क थॉम्पसन आला. तो एसेंडनच्या 1993 च्या विजेत्या संघाचा कर्णधार आणि हाफबॅक, म्हणजे फुलबॅकच्या पुढच्या ओळीतला बचावपटू. 2011 मध्ये आलेला क्रिस स्कॉट ब्रिस्बेनच्या 2001 व 2002 च्या विजेत्या संघांतील बचावपटू. आक्रमणासाठी ख्यात असलेल्या क्लबची सूत्रे अशी सलग बचावपटूंच्या हाती राहिली, हा निव्वळ योगायोग मानला तरी त्याचे परिणाम योगायोगाचे नव्हते.

स्कार्लेट 192 सेंटीमीटर उंचीचा, म्हणजे या जागेसाठी फार धिप्पाड नव्हे. मॅथ्यू लॉइड, ब्रेंडन फेव्होला, बॅरी हॉल, जोनाथन ब्राउन अशा ताकदवान फॉरवर्डांशी त्याची गाठ पडायची, आणि त्यांच्याशी अंगबळाने झुंजण्यापेक्षा चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखून तिथे पोहोचणे त्याला अधिक मानवत असे. 2003 मध्ये त्याने क्लबचा वार्षिक सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, म्हणजे कार्जी ग्रीव्ह्ज पदक, मिळवले आणि त्याच वर्षी तो प्रथम ऑल-ऑस्ट्रेलियन संघात आला. पुढे 2004, 2007, 2008, 2009 आणि 2011 मध्येही त्याची निवड झाली.

दरम्यान खेळच बदलत होता. 2005 च्या उपांत्य टप्प्यात सिडनीने जिलाँगला 56-53 असे हरवले. शेवटच्या सत्रात निक डेव्हिसने केलेल्या चार गोलांनी तो सामना ओढून नेला. पुढे सिडनीने ग्रँड फायनलही 58-54 अशी जिंकली आणि तिच्या अखेरच्या क्षणी निर्णायक झेल घेणारा लिओ बॅरी बचावपटूच होता. दोन दशकांपूर्वी ज्या गुणसंख्येवर संघ अर्ध्या वेळेला असत, त्यावर आता विजेतेपदे ठरू लागली. एकास-एक राखणीऐवजी सर्व अठरा खेळाडूंनी मिळून जागा अडवण्याची पद्धत येत होती, आणि हॉथॉर्नचा तेव्हाचा प्रशिक्षक अलास्टेर क्लार्कसन याने ती झोनच्या रूपात पुढे नेली.

नियमांनीही बचावपटूला दोन्ही दिशांनी ढकलले. 2006 पासून बिहाइंड झाल्यावर पंचाने झेंडे हलवून संपवण्याची वाट न पाहता बचाव करणाऱ्या संघाला चेंडू पुन्हा खेळात आणण्याची मुभा मिळाली. त्यामुळे पाठीमागून झटपट प्रतिआक्रमण सुरू करू शकणाऱ्या, अचूक किक असलेल्या बचावपटूची किंमत वाढली. 2007 मध्ये झेलाच्या झटापटीत समोरच्याच्या पाठीवर हात टेकवण्यास मनाई झाली. हा निर्बंध 2019 मध्ये सैल करण्यात आला, पण तो असेपर्यंत केवळ धक्काबुक्कीवर विसंबणाऱ्या फुलबॅकचे हाल झाले. ज्याला आधीच चेंडूचा मार्ग वाचता येत होता त्याचे फारसे बिघडले नाही. स्कार्लेटच्या सर्वोत्तम वर्षांचा काळ आणि या बदलांचा काळ एकच असावा, यात नवल नाही.

2007 मध्ये 44 वर्षांचा दुष्काळ संपला. ग्रँड फायनलमध्ये जिलाँगने पोर्ट अ‍ॅडलेडला 163-44 असे हरवले. 119 गुणांचे हे अंतर ग्रँड फायनलमधील विक्रम आहे. त्या वर्षीच्या ऑल-ऑस्ट्रेलियन संघात एकट्या जिलाँगचे नऊ खेळाडू होते. कर्णधार टॉम हार्ली, डॅरेन मिलबर्न, कोरी एनराइट, अँड्र्यू मॅकी यांच्यासह उभी राहिलेली ही बचावफळी चेंडू अडवून थांबत नसे. तिथूनच आक्रमणाची पहिली किक निघे. सहकारी पाठीमागे जागा सांभाळतील या भरवशावर स्कार्लेट आपला खेळाडू सोडून पुढे येत असे, आणि जुन्या वळणाच्या प्रशिक्षकाला हे बेजबाबदारपणाचे वाटले असते.

2008 मात्र कडवट ठरले. साखळी हंगामात फक्त एक सामना गमावलेला जिलाँग ग्रँड फायनलमध्ये हॉथॉर्नकडून 115-89 असा हरला. त्या सामन्यात जिलाँगचे गोल 11 आणि बिहाइंड तब्बल 23 होते, ज्यांतले 11 बिहाइंड हॉथॉर्नच्या बचावपटूंनी संकटातून सुटण्यासाठी स्वतःच चेंडू रेषेपार नेऊन दिलेले होते. एक गुण देऊन सहा वाचवण्याची ही युक्ती इतकी उघडपणे वापरली गेली की, लीगने 2009 पासून जाणूनबुजून बिहाइंड देण्यावर दंड म्हणून फ्री किक ठेवली. जिलाँगच्या चाहत्यांच्या दृष्टीने हा नियम एक वर्ष उशिरा आला.

2009 ची ग्रँड फायनल सेंट किल्डाविरुद्ध होती. पावसाळी हवा, निसरडा चेंडू, आणि शेवटच्या सत्राच्या अखेरच्या मिनिटांत गुण समसमान. अशा वेळी फुलबॅकने गोलपाशी थांबावे असे कुणीही म्हटले असते, पण स्कार्लेट मैदानाच्या मध्यावर पोहोचला होता. जमिनीवर सरपटणारा चेंडू वाकून उचलण्यात वेळ गेला असता, म्हणून त्याने बुटाच्या टोकाने तो हलकेच पुढे, धाकट्या अ‍ॅब्लेटकडे ढकलला. अ‍ॅब्लेटने तो उंच पुढे मारला, ट्रॅव्हिस व्हार्कोमार्गे तो पॉल चॅपमनकडे गेला आणि चॅपमनने गोल केला. सामना 80-68 असा जिलाँगच्या नावावर लागला. हा ‘टो-पोक’ आजही त्या विजेतेपदाचा निर्णायक क्षण म्हणून दाखवला जातो. मला त्यात पायाच्या टोकाच्या करामतीपेक्षा तो त्या जागी होता, ही गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते.

2010 च्या अखेरीस थॉम्पसन क्लब सोडून गेला, धाकटा अ‍ॅब्लेटही नव्या गोल्ड कोस्ट क्लबकडे गेला, आणि जिलाँगचा काळ संपला असे बोलले जाऊ लागले. पण क्रिस स्कॉटने पहिल्याच वर्षी, 2011 मध्ये, कॉलिंगवुडला 119-81 असे हरवून विजेतेपद मिळवून दिले. स्कार्लेटबरोबर आता हॅरी टेलर आणि टॉम लोनर्गन होते. लोनर्गनने 2006 मध्ये मैदानावरील धडकेत एक मूत्रपिंड गमावले होते. मुळात फॉरवर्ड असलेला हा खेळाडू परतल्यावर बचावपटू झाला आणि या अंतिम सामन्यात कॉलिंगवुडचा बलदंड ट्रॅव्हिस क्लोक याला उत्तरार्धात त्याने थोपवले.

2012 चा हंगाम स्कार्लेटसाठी चांगला सुरू झाला नाही. फ्रीमँटलच्या हेडन बॅलंटाइनला ठोसा मारल्याबद्दल त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी आली, आणि त्याच फ्रीमँटलने बाद फेरीत जिलाँगला हरवले तेव्हा त्याची कारकीर्दही संपली. पुढे तो क्लबमध्ये बचावपटूंचा सहायक प्रशिक्षक म्हणून परतला, आणि टेलर व लोनर्गन काही वर्षे त्याच्याच हाताखाली खेळले.

एका हंगामात शंभर गोल करणारा शेवटचा खेळाडू हॉथॉर्नचा लान्स फ्रँकलिन, तोही 2008 मध्ये, 113 गोलांसह. त्यानंतर फुल-फॉरवर्डची ती जुनी सद्दी परतलेली नाही. उलट 2013 च्या ग्रँड फायनलमध्ये सर्वोत्तम खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदक हॉथॉर्नचा फुलबॅक ब्रायन लेक याला मिळाले. रिचमंडचा अ‍ॅलेक्स रान्स 2014 पासून सलग पाच वर्षे ऑल-ऑस्ट्रेलियन संघात आला आणि 2017 मध्ये त्या संघाचा कर्णधारही नेमला गेला. प्रतिस्पर्ध्याला सोडून दुसऱ्याच्या वाट्याचा चेंडू मध्येच झेलण्याबद्दल रान्सचे कौतुक होत असे. स्कार्लेटने पदार्पण केले त्या 1998 मध्ये हेच केले असते, तर फुलबॅकला कदाचित पुढचा सामना राखीव खेळाडूंच्या संघात काढावा लागला असता.