पेंड (कोकरांच्या आहारातील)

भुईमूग, सरकी, सोयाबीन, करडई, तीळ, जवस, सूर्यफूल, मोहरी इ. तेलबियांतून तेल काढल्यावर उरणारा चोथा. विदर्भ व खानदेशात यास ढेप म्हणतात. दूध तुटल्यापासून विक्रीपर्यंतच्या वाढत्या कोकरांना प्रथिने मिळावीत म्हणून पेंड धान्याच्या भरड्यात मिसळून देतात.

पेंड जनावरांना घालण्याची प्रथा भारतात केव्हा सुरू झाली, हे निश्चित सांगता येत नाही. कौटिलीय अर्थशास्त्रातील गोअध्यक्षाच्या प्रकरणात कामाच्या बैलाला हिरवा चारा, सुके गवत व कोंडा यांबरोबर एक तुला (100 पले) घाण्याची पेंड द्यावी, असे म्हटले आहे. ग्रंथाच्या काळाबद्दल मात्र मतभेद आहेत. मुंबई विद्यापीठाची चिकित्सक आवृत्ती (1960–65) सिद्ध करणारे र. पं. कंगले यांनी तो मौर्यकालीन मानला; टॉमस ट्राउटमन यांनी 1971 मध्ये शब्दवारंवारतेच्या आधारे तो एकाहून अधिक हातांचा ठरवला, आणि पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी त्याची घडण इसवी सनाच्या आगेमागे ठेवली आहे. हा नंतरचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. त्याच प्रकरणात शेळ्यामेंढ्यांची लोकर सहा महिन्यांनी कातरावी असे सांगितले आहे; पेंडीचे माप मात्र बैलाच्या संदर्भातले आहे.

अर्थशास्त्रातच कोष्ठागाराच्या (सरकारी कोठाराच्या) प्रकरणात तीळ, करडई, मोह व हिंगणबेट यांपासून बियांच्या चौथ्या हिश्श्याइतके तेल निघावे, असा हिशेब आहे. तिळात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असते. तेव्हा हे माप प्रत्यक्षातले धरल्यास मागे राहणाऱ्या तिळाच्या पेंडीत सुमारे एक तृतीयांश तेल उरत असणार. अशी पेंड प्रथिनांपेक्षा चरबीचाच खुराक ठरते. आजच्या एक्स्पेलर (यंत्रात दाबून तेल काढलेल्या) पेंडीत तेल साधारण 6 ते 8 टक्के, तर द्रावकाने तेल काढलेल्या पेंडीत (बाजारात ‘डीओसी’) 1 टक्क्याच्या आसपास असते. आहाराच्या शुष्क वजनात तेल 6–7 टक्क्यांच्या वर गेले, की कोठीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या जठराच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातील) तंतू पचवणाऱ्या सूक्ष्मजंतूंचे काम मंदावते व चारा नीट पचत नाही.

शेंगदाणा पेंडीत कच्ची प्रथिने (नत्राच्या प्रमाणावरून काढलेली) 40 ते 48 टक्के, सोयाबीन पेंडीत 44 ते 48, सोललेल्या सरकीच्या पेंडीत 40 च्या आसपास, तर टरफलासकट गाळलेल्या सरकी पेंडीत जेमतेम 20 ते 24 टक्के असतात. करडईची पेंडही टरफलासकट असल्यास तंतुमय असते. कोकराच्या वाढीचा अंदाज केवळ या आकड्यांवरून बांधणे चुकीचे आहे. शेंगदाणा व मोहरीच्या पेंडीतील बहुतेक प्रथिने कोठीपोटातच फुटून अमोनिया होतात. सूक्ष्मजंतू त्यातून स्वतःची प्रथिने घडवतात. पण झपाट्याने वाढणाऱ्या लहान कोकराला तेवढी पुरत नाहीत. सरकी व खोबऱ्याच्या पेंडीतील प्रथिने तुलनेने अधिक प्रमाणात न फुटता पुढे जातात.

या फरकाचे महत्त्व प्रथम लोकरीतून लक्षात आले. ऑस्ट्रेलियात रीस व शिंकेल यांनी 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत केसीन (दुधातील प्रथिन) थेट मेंढीच्या चौथ्या जठरात सोडले, तेव्हा लोकरीची वाढ ठळकपणे वाढली. 1967 मध्ये फर्ग्युसन, हेम्स्ली व रीस यांनी फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया करून प्रथिने कोठीपोटातून सुखरूप पार नेता येतात, हे दाखवले. फॉर्माल्डिहाइडची मात्रा जास्त झाली तर प्रथिने पुढे आतड्यातही पचत नाहीत व लेंडीतून बाहेर पडतात. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी व थोडी असल्याने महाराष्ट्रात या तंत्राचा विचार मांसाच्या अंगानेच करणे योग्य. अविकानगर (राजस्थान) येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत (स्थापना 1962) कोकरे बांधून खुराकावर वाढवण्याचे काम झाले आहे.

सरकीचा दाणा आडवा कापला असता पिवळट गरात बारीक काळसर ठिपके साध्या डोळ्यांनी दिसतात. या रंगग्रंथींत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. गाळताना उष्णता लागली, की त्यातील बराच भाग लायसीन या प्रथिनांतील आवश्यक अमिनो आम्लाशी बांधला जातो: विष कमी होते, पण लायसीनही हातचे जाते. मोठ्या मेंढीच्या कोठीपोटात उरलेले गॉसिपॉल बहुतांशी निष्प्रभ होते. दूधपित्या कोकराचे कोठीपोट अजून तयार झालेले नसल्याने त्याला सरकी पेंड देत नाहीत.

दमट जागी ठेवलेल्या शेंगदाणा पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी येते. तिच्या विषाचा, अफ्लाटॉक्सिनचा, शोध 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेल्यावर लागला. त्यांच्या खाद्यात ब्राझीलची शेंगदाणा पेंड होती. मेंढी या विषाला बरीच दाद देत नाही, पण कोकरू तितके काटक नसते. युरियाची भेसळ वेगळीच. कच्ची प्रथिने नत्राला 6.25 ने गुणून काढतात. त्यामुळे क्विंटलभर पेंडीत एक किलो युरिया मिसळला, तरी कागदावर प्रथिने जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढतात.

मका भरडा 55, गव्हाचा कोंडा 22, शेंगदाणा पेंड 20 व उरलेले 3 भाग चुनखडीची भुकटी, मीठ आणि खनिज मिश्रण असे मिसळल्यास सुमारे 17 टक्के प्रथिनांचा खुराक होतो. पेंडीत व कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम कमी. चुनखडी वगळल्यास नर कोकरांत मुतखडा होऊ शकतो. गायींचे तांबेयुक्त खनिज मिश्रण मेंढ्यांना घातक ठरते. खुराक एकदम वाढवल्यास आंत्रविषाराचा (आतड्यातील जंतूंच्या विषाने होणाऱ्या रोगाचा) धोका असतो, म्हणून त्याची लस आधी टोचतात.

करंज, मोह व निंबोळी यांच्या पेंडी कडू किंवा विषारी द्रव्यांमुळे प्रक्रिया न करता वापरत नाहीत. एरंडीच्या पेंडीत रायसिन हे जहाल विष असते. ती खत म्हणून शेतात टाकतात; तिची पोती ठेवलेल्या शेतात कळप बसवू नये.